खोक्यात दुसरं काही नाही

ओल्या लोकरीचा वास मला आवडतो असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा निरखून बघतात. त्यांचं काही चुकत नाही. मेंढरू, माती आणि चिंचोक्याची खळ यांचा मिळून तो वास होतो आणि एकदा कपड्यांना लागला की चार धुण्यांतही जात नाही. शिरूरला कॉलेजात जायचे तेव्हा बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी ओढणी नाकाशी धरायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात बसते, परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद तयार करते, अंगाला कसलाच वास येत नाही, आणि दुपारी डबा खाऊन झाला की कधी कधी त्या वासासाठी जीव कासावीस होतो. तो वास म्हणजे माझी आत्या.

आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावर. आजोबांपर्यंत घरातली माणसं मेंढरं घेऊन आठ-आठ महिने फिरत. माझ्या वडिलांना घरात आणि गावात सगळेच आप्पा म्हणत. त्यांनी नदीचं पाणी उचललं, ऊस लावला, आणि आम्ही एका जागी राहणारी माणसं झालो. मेंढरं वीसेक उरली आणि पडवीतला खड्ड्याचा माग उरला. शेतातून सवड मिळेल तसे आप्पा मागावर बसून घोंगड्या विणत. बाकी सगळं, म्हणजे लोकर धुणं, पिंजणं, कातणं, ताण्याला खळ लावणं, हे आत्याकडे.

आत्या आप्पांची धाकटी बहीण. तिला नदीपलीकडे, दौंड तालुक्यातल्या राहूला दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली, तेव्हा एका ट्रंकेत मावेल तेवढं घेऊन ती आमच्याकडे आली. "मला कुणी हाकललं न्हाई, माजी म्या आले," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगायची. आमच्या घरात तिला कुणी वावगं बोललं नाही. आई तसली नव्हतीच. तरी आत्या सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायची, ताप आला तरी सांगायची नाही, आणि दिवाळीला आप्पांनी लुगडं आणलं की दिवसभर कानकोंडी होऊन वावरायची. आपण भावाच्या घरी राहतो आहोत हे ती एक क्षण विसरत नसे. मला तिचा तेव्हा रागही यायचा. एवढं काय अंग चोरून राहायचं, असं वाटायचं.

मग आमच्याकडे लोकरबाई आली.

पाबळला तांत्रिक शिक्षणाची शाळा आहे, तिथे तेव्हाही परदेशातून माणसं यायची. नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. त्या शाळेत आलेली अमेरिकेची एक उंच, पिकल्या केसांची बाई घोंगड्या कुठे विणतात हे विचारत विचारत आमच्या अंगणात उतरली. तिकडे थंडीच्या मुलखात तिचं लोकरीच्या वस्तूंचं छोटं दुकान होतं. आत्याने तिच्यापुढे जावळाची घोंगडी पसरली. जावळ म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, फार मऊ असते. बाई खाली बसली आणि तिने सरळ त्या घोंगडीवर गाल टेकला. आत्या हसत सुटली. "आगं, ही तर आपल्यातलीच हाय," म्हणाली. बाईने जाताना दोन घोंगड्या नेल्या. पुढच्या वर्षी पत्र आलं, दहा पाठवा. मग वीस, मग चाळीस. तिचं नाव आमच्यात कुणाला धड घेता येईना, म्हणून ती लोकरबाई झाली.

माल साता समुद्रापार पाठवायचा कसा, हे आम्हाला कुठलं ठाऊक! शिरूरच्या पेठेत एका चाचांचं पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचं दुकान होतं. त्यांच्या घरात आजोबांपासून गाठी बांधायचं काम चालत आलेलं. "ताई, कांदा मुंबईला धाडनं येगळं आन् ह्ये येगळं," असं म्हणत म्हणत चाचांनी पुण्यातला एक एजंट शोधून काढला. सुरुवातीला काम सोपं होतं. घोंगड्यांची गाठ बारदानात घालायची, दाभणाने शिवायची आणि वर मी रंगाने इंग्रजी पत्ता लिहायचा. घरात इंग्रजी फक्त मला येत होतं, म्हणून कागदांचं सगळं माझ्याकडे आलं. लोकरबाईची पत्रं वाचून दाखवायची मीच आणि उत्तरं लिहायची मीच. आत्या समोर बसून चातीवर सूत कातत सांगायची आणि मी तिच्या चार वाक्यांचं एक वाक्य करून लिहायचे.

पुढे दर वर्षी काही ना काही नवं निघू लागलं. एकदा चाचा सांगत आले की पाठवणाऱ्याच्या नावाने सरकारी नंबर काढावा लागतो. नंबर कुणाच्या नावाचा काढायचा? आप्पा म्हणाले, काम तिचं, नाव तिचं. आत्याच्या रेशनकार्डावर माहेरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावर सासरचं. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे पटवता पटवता आम्ही पुण्याला तीन हेलपाटे घातले. शेवटी नंबर आला. आत्याने तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवला.

राहूहून तिला न्यायला अधूनमधून कुणी ना कुणी यायचं. सवतीला तीन लेकरं झाली होती, नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, आणि घरात कामाला हात कमी पडत होते. आत्या आलेल्याला चहा द्यायची आणि त्या कागदाकडे हनुवटीने दाखवून म्हणायची, "माज्या नावाचा नंबर हाय. माल द्यायचाय. मला येळ न्हाई." ती माणसं कागदाकडे बघत चहा संपवायची आणि निघून जायची. त्या वर्षांत आत्या आमच्या पंगतीला आमच्याबरोबर बसायला लागली. पडवीला लागून स्वतःची खोली बांधायची, दार थेट अंगणात उघडणारं, असं तिने मनाशी ठरवलं. जमिनीवर फक्कीने रेघा मारून ती मला दाखवायची की इथे चूल, इथे ट्रंक, इथे खिडकी. खिडकीतून माग दिसला पाहिजे, एवढी तिची एकच अट होती.

मग रंगाचा नियम आला. कापडात अमुक जातीचे विषारी रंग नाहीत, असा प्रयोगशाळेचा दाखला लागतो म्हणे. आमच्या घोंगडीला रंगच नव्हता. काळ्या मेंढराची काळी आणि पांढऱ्याची पांढरी. पुण्याच्या लॅबमधल्या माणसाने फॉर्म भरताना विचारलं, रंग कोणता वापरता? चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सायेब, त्ये मेंढीला इचारावं लागंल." दाखला मिळाला, घोंगडीत नसलेला रंग विषारी नाही म्हणून. परतीच्या एसटीत आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, तेव्हा एवढं कळतं की प्रत्येक नियमामागे कुठेतरी काहीतरी घडलेलं असतं, नियम कुणी उगाच करत नाही. पण तो करताना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठमोठे कारखाने असतात. पडवीत बसून सूत कातणारी बाई त्यांना दिसत नाही, आणि दिसावी तरी कशी, याचं उत्तर मलाही अजून सापडलेलं नाही.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरातून घोंगडी कधी नुसती जात नाही. विकलेली असो, कुणाला भेट दिलेली असो, तिच्या शेवटच्या घडीत भंडाऱ्याची पुडी ठेवायची. भंडारा म्हणजे देवाची हळद. जुन्या कॅलेंडरच्या कागदात चिमूटभर बांधायची आणि घडीत सारायची, की घोंगडी पांघरणाऱ्याला सुखाची होते. लोकरबाईच्या मालातही ती पहिल्यापासून जात होती. हे काय आहे, असं तिने एकदा पत्रातून विचारलं, तेव्हा मी पानभर इंग्रजी लिहून समजावलं होतं. तिचं उत्तर आलं की त्या पुड्या ती दुकानाच्या काचेत एका वाटीत ठेवते. आत्या ते ऐकून दोन दिवस जमिनीवर नव्हती.

नवं शतक लागलं आणि तिकडे अमेरिकेत विमानं आदळून दोन मनोरे कोसळले, ते मोठं अरिष्ट झालं. त्याच्या मागोमाग, कुणीतरी टपालातून विषारी भुकटी पाठवतं आहे, माणसं दगावत आहेत, अशा बातम्या आमच्या टीव्हीवरही आल्या. आम्ही हळहळलो. त्याचा आमच्या पडवीशी काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे तर लगीनघाई चालली होती. त्या साली लोकरबाईने साठ घोंगड्या मागवल्या होत्या, आजवरची सगळ्यांत मोठी मागणी, आणि आत्याच्या खोलीच्या पायासाठी दगड अंगणात येऊन पडले होते.

बांधाबांधीच्या आदल्या दिवशी चाचा नवा फॉर्म देऊन गेले. "बाळा, आता लई कडक झालंय. नीट वाचून भर," असं दोनदा बजावून गेले. आता बारदान चालत नव्हतं, पुठ्ठ्याची खोकी लागत. सकाळी मी साठ पुड्या बांधल्या होत्या, बोटं पिवळी झाली होती, तशीच फॉर्म घेऊन पडवीत मांडी घालून बसले. आत्या घड्या घालून खोक्यात लावत होती. फॉर्मवर एक रकाना होता, मालाव्यतिरिक्त खोक्यात अन्य काही पदार्थ अथवा वस्तू आहे काय, असल्यास सविस्तर लिहा.

आत्या पुडी हातात धरून थांबली. चाचांचं बोलणं तिच्याही कानावर पडलं होतं. "ठिवू का गं?" तिने विचारलं.

"ठेव की," मी मान वर न करता म्हणाले आणि त्या रकान्यात 'निल' लिहिलं. काही नाही. कागदाच्या कडेला माझ्या बोटाचा पिवळा ठसा उमटला होता, तो ओढणीने पुसून टाकला. खाली आत्याच्या वतीने माझी सही केली.

त्या क्षणाकडे मी किती वेळा जाऊन आले असेन! मी खोटं लिहीत नव्हते. घोंगडीत लोकर असते तसा घडीत भंडारा असतो, तो वेगळा काढून सांगायचा असतो हे आमच्या घरात जन्मलेल्या कुणाला सुचलंच नसतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते. पण नीट वाचून भर असं चाचांनी मला सांगितलं होतं, आत्याला नाही. आणि विचारायचं भान आत्याला राहिलं, मला नाही.

दोनेक महिन्यांनी चाचा भर दुपारी घामाघूम होऊन आले. अंगणात उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, माल अडकला. खोक्यात पिवळी पावडर घावली म्हनत्यात. समदं गोडाऊन रिकामं केलं तिकडं. आन् कागदावर तर आत काय बी न्हाई म्हनून लिव्हलंय. खोटा कागद दिला म्हनत्यात." पुण्याच्या एजंटाने चाचांचाही बाकीचा माल घ्यायचं थांबवलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाळा, तू वाचला न्हवतास का फॉर्म?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "पोरीला ठावं न्हवतं, चाचा. तिनं कागूद लिव्हला, मंग मागनं म्या पुड्या घातल्या. माजी चूक हाय."

आप्पा माझ्याकडे बघत होते. त्याच आठवड्यात मला कंपनीतून मुलाखतीचं पत्र आलं होतं, कागदपत्रांचंच काम, आणि मुलगी परदेशी मालाचे फॉर्म भरते हे आप्पांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मी खाली मान घातली आणि गप्प बसले. आत्याने मला वाचवलं, आणि मी स्वतःला वाचवू दिलं.

त्यानंतर महिन्याभराने लोकरबाईचं पत्र आलं. आत्या लोकर पिंजत होती, तिने हात थांबवला आणि मी वाचू लागले. बाईने सगळं सविस्तर लिहिलं होतं. माल जाळून टाकला होता. पुड्या तपासल्या तेव्हा ती नुसती हळद आहे हे तिथल्या अधिकाऱ्यांना कळलं होतं, हळदीला त्यांची हरकत नव्हती. फॉर्मवर हळद लिहिली असती तर माल सुटला असता, पण फॉर्मवर काही नाही असं लिहिलं होतं, आणि दिवस असे होते की न लिहिलेली गोष्ट कुणी आत सोडत नव्हतं. शेवटी तिने लिहिलं होतं, पुन्हा पाठवा, पुड्याही घाला, फक्त कागदावर लिहा, मी पुढच्या थंडीपर्यंत वाट बघेन.

मी आत्याला एवढंच सांगितलं, "माल जाळला म्हणते. पिवळ्या भुकटीमुळे." पुढची ओळ वाचायची तर ती कुणाच्या हाताची चूक होती हेही वाचावं लागलं असतं. उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

"भंडारा जाळला?" आत्याने विचारलं. मी हो म्हटलं. तिने हातातली लोकर खाली ठेवली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "माज्या हातनं द्येवाचा भंडारा जळला." त्या दिवशी तिने पिंजण भिंतीला लावून ठेवली ती परत घेतली नाही. उद्या सांगू असे माझे किती उद्या गेले ते मला माहीत आहे. नोकरी लागली, मी सकाळच्या बसने जायला लागले, आणि दर संध्याकाळी घरी येताना ठरवायचे की आज सांगायचं.

त्या उन्हाळ्यात राहूहून पुन्हा माणूस आला. आत्याने चहा दिला. या वेळी तिने कागदाकडे हनुवटी केली नाही. दोन दिवसांनी ट्रंक घेऊन ती नदीपलीकडे गेली. जाताना मला म्हणाली, "नोकरी नीट कर." पायाचे दगड आप्पांनी पुढे गोठ्याला वापरले. माग बुजवला. चाचांचं हळूहळू सुरळीत झालं, भेटले की आपणहून चौकशी करायचे, 'आत्या कशा हायत' म्हणून, आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघवायचं नाही.

सात वर्षांनी, रजा टाकून, मी ते पत्र घेऊन राहूला गेले. आत्या अंगणात उन्हात बसून शेंगा फोडत होती. केस पांढरे झाले होते. सवतीची मुलं तिला थोरली आई म्हणत होती आणि तिने मला त्यातल्या सगळ्यांत धाकटीचं अक्षर कौतुकाने दाखवलं. मी तिच्याजवळ बसले तर तिच्या लुगड्याला शेणामातीचा, चुलीचा वास येत होता, लोकरीचा कुठेच नव्हता. मला रडू आलं. मग मी पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काही न गाळता, मराठी करून तिला वाचून दाखवलं.

"म्हंजी हळदच हाय ह्ये त्यांनला कळलं हुतं?" तिने विचारलं.

"हो."

"आन् लिव्हलं असतं तर गेला असता?"

"हो. तो रकाना मी भरला होता, आत्या. चूक माझी होती."

"त्ये मला ठावं हाय. तू लिव्हत हुतीस तवा म्या तितंच हुते." तिने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मला वाटलं, तुला वाचाया येतंय म्हंजी तुला समदं कळतंय."

आणखी दोन शेंगा फोडून तिने विचारलं, "ती बाई खरंच वाट बघत हुती?"

"पुढच्या थंडीपर्यंत थांबते म्हणाली होती."

आत्याने नदीच्या बाजूला पाहिलं. तिथून नदी दिसत नाही, मधे सगळा ऊस आहे. "माज्या हाताला पाप लागलं म्हनून म्या काम सोडलं," ती म्हणाली. "तवाच सांगायचं न्हाई व्हय गं बाय. म्या हिकडं आलेच नसते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिचे पाय धरले असते. तेवढ्यात घरातून सवतीने हाक मारली, आणि आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.